उपग्रहातून अनुग्रह

"आली! आली गो बाय, आली!"

पुढच्या रांगेतून बायकांचा कल्लोळ उठला आणि गुरवानं घंटा बडवायला सुरुवात केली.

करंजवण्याच्या हायस्कूलचा हॉल. खिडक्यांना गोधड्या ठोकून भर दुपारी आत काळोख केलेला. दोन हजार चार सालचा एप्रिल. पंखे बंद, कारण प्रोजेक्टर आणि पंखे एकदम लावले की फ्यूज उडत होता. पाऊण गाव घामानं निथळत भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या धोतराकडे डोळे लावून बसलं होतं. त्या धोतरावर आधी नुसता निळा समुद्र दिसत होता. मग खाडीचं वळण आलं. "तो बघ आपला धक्का!" कुणीतरी ओरडलं. "आणि तो पऱ्या!" पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. विमानात बसल्यासारखे आम्ही सगळे खाडीवरून वर गेलो, कड्यावरून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट खडकाळ माळावर, आलो, आणि तिथल्या तांबूस कातळातून, कलमांच्या राईंतून हळूहळू एक चेहरा उमटला. कपाळावर मळवट, नाकात नथ, वटारलेले डोळे. आमच्या वाघजाईचा मुखवटा. डोंगर जिथे फुगला होता तिथे देवीचा गाल फुगला होता, डोंगराची सोंड उतरत होती तिथून नाक उतरत होतं, आणि हनुवटी खाडीला टेकली होती. अख्ख्या गावाएवढी देवी!

खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. मी गुरांचा डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवणारा माणूस. माझ्या अंगावर सहसा काटा येत नाही.

"हा अमेरिकेचा उपग्रह नव्हे," काळोखातून भूमानंद महाराजांचा धीरगंभीर आवाज आला. "रशियाचाही नव्हे. त्यांच्या उपग्रहांना फक्त माती दिसते. मातीतली माता दिसायला साधनेची लेन्स लागते! भक्तहो, हा उपग्रह नाही, हा अनुग्रह आहे!"

टाळ्यांनी हॉल दणाणला.

हे महाराज शिमगा संपता संपता गावात आले. बरोबर एक जीप, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि शिवा नावाचा शिष्य. शिवा मूळचा सावर्ड्याचा, मुंबईत कॉम्प्युटर शिकलेला. तो भगवी कफनी घालून लॅपटॉपमागे मान खाली घालून बसायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही. बोलायचं काम महाराजांचं. त्यांच्या बोलण्यात 'कॉस्मिक' आणि 'फ्रिक्वेन्सी' हे शब्द चहात साखर असावी तसे असायचे. "प्रत्येक पिक्सेलमध्ये ॐकार आहे," असं ते म्हणाले तेव्हा आमचे सरपंच काशीराम माझ्या कानाशी लागले. "डॉक्टर, पिक्सेल म्हंजे काय हो?" मी म्हटलं, "ठिपका." ते म्हणाले, "ठिपक्यात ॐकार? आवशीचा घो!" आणि त्यांनी हात जोडले.

चेहरा बघून गाव थक्क झालं, इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. महाराजांनी हातातली काठी धोतरावर टेकवली. देवीच्या उजव्या डोळ्यावर.

"इथे काय आहे?"

गाव निरखून बघू लागलं. पऱ्याच्या वळणावरून, पाखाडीच्या पायऱ्यांवरून अंदाज बांधत एकेक आवाज येऊ लागले. "यमुनाबायचा आगर..." "आगरातली बाव!"

नारळी-पोफळीच्या बागेला आम्ही आगर म्हणतो आणि विहिरीला बाव. यमुनाबाईंची बाव म्हणजे करंजवण्याचा जीव. एप्रिल-मे महिन्यात गावातल्या सगळ्या विहिरी तळ दाखवतात, तेव्हा त्या एका बावीत पाणी असतं. यमुनाबाईंनी आजवर कुणाला, कुठल्याही वाडीतल्या माणसाला, नाही म्हटलेलं नव्हतं.

"देवीच्या डोळ्यात कळश्या बुडवता?" महाराज कडाडले. "रोज तिच्या बुबुळात दोर सोडता? म्हणून मोहोर गळला! म्हणून आंबा डागी निघाला! म्हणून गाई गाभ टाकतात!"

"गाई गाभ टाकतात तो एक रोग असतो," मी उभा राहून म्हणालो. "त्याची लस..."

"खाली बसा हो डॉक्टर!" चहूकडून ओरडा झाला. मी बसलो. यमुनाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्या पदर तोंडात धरून रडत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बावीवर वासे टाकून, वर माडाचे झाप घालून ती बंद केली. वर हळदकुंकू वाहिलं. मी त्यांची गाय बघायला गेलो होतो, तर बाई खळ्यात सुन्न बसलेल्या.

"काय केलात हे?" मी विचारलं.

"डॉक्टर, लग्न होऊन आल्यापासून तिच्या डोळ्यात कळशी बुडवतंय मी," त्या म्हणाल्या. "तिला किती दुखला असेल! आणि ती एका शब्दानं बोलली नाय."

त्या बाईला कुणी फसवत होतं आणि अपराधी मात्र तिलाच वाटत होतं. महाराजांनी उपायही सांगून ठेवला होता. येत्या मंगळवारी बाईंनी आगर, बावीसकट, महाराजांच्या संस्थेला अर्पण करायचा. तिथे 'नेत्रपीठ' उभं राहणार. बाईंच्या मुंबईच्या मुलानं फोनवर आरडाओरडा केला, पण बाई म्हणाल्या, "तुला तिथं नळाला पाणी येता. तू बोलू नको."

बाव बंद झाल्यावर बायका पाणी आणायला कड्याखालच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. चिऱ्याच्या उभ्या पाखाडीवरून डोक्यावर हंडा घेऊन. त्या आठवड्यातच काशीरामची सून तुळसा घसरली आणि तिचा हात मोडला. माणसांचा जवळचा दवाखानाही लांब, पावस गावात, म्हणून पोरं तिला आधी माझ्याकडे घेऊन आली. मी फळ्या बांधल्या. "घाबरू नको गो," मी म्हटलं, "बैलाचा पाय बांधतो तितक्याच काळजीनं बांधलाय." ती बिचारी तेवढ्यातही हसली. पण काशीरामनं मान वर केली नाही.

"अजूनही बाव उघडायची नाही?" मी त्यांना विचारलं.

"डोळ्यांनी बघितलाव डॉक्टर. तुमीपण बघितलात. आपलाच डोंगर होता की नाय? मग खोटा कसा म्हणू?"

हीच तर अडचण होती. डोंगर आमचाच होता. खाडी खरी, पऱ्या खरा, सडा खरा. मग देवीच तेवढी खोटी कशी?

तुळसाला रत्नागिरीला मोठ्या इस्पितळात पोचवून मी बहिणीकडे जेवायला गेलो. बहिणीची मुलगी ऋजुता एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होती. तीही जेवायला घरी आली होती. मी सगळं सांगत होतो आणि ही कार्टी आमटीभात खाताना हसत होती.

"हसतेस काय? तिकडे एका मुलीचा हात मोडलाय."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "सॉरी मामा. पण खोटे डोंगर काढणं हाच माझा धंदा आहे रे. मुंबईचे लोक सड्यावर बंगला बांधायला येतात ना, त्यांना आम्ही बंगला बांधायच्या आधी त्याचं चित्र दाखवतो. मागे खरा डोंगर, पुढे खोटी हिरवळ. मला एक सांग, खाडीच्या बाजूला कडा आहे तुमचा. तिथे देवीचा चेहरा कसा दिसत होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "तिथे नथ होती. पण जरा विचित्र दिसत होती. मोती गोल नव्हते. खाली ओघळल्यासारखे, लांबच लांब."

ऋजुतानं टाळी वाजवली. "सापडला! मामा, हात धू आणि चल."

तिनं आधी मला स्वयंपाकघरातच धडा दिला. ओट्यावर दोन पातेली उपडी घातली, शेजारी एक डबा ठेवला आणि त्यावर आईची फुलाफुलांची साडी अंथरली. "हा बघ डोंगर, ही साडी. आता फुलं डोंगरावर उगवली की नाही? पातेलं फुगलंय तिथे फूल फुगलं, खाली गेलंय तिथे खाली गेलं. कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच करायचं. जमिनीची उंचसखल मापं अंतराळयानानं घेतलेली आहेत, ती इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतात. ती भरली की तुमचा डोंगर तयार. तो खराच. मग त्यावर हवं ते चित्र अंथरायचं. ह्याला इमेज ओव्हरले म्हणतात. सड्याचा फोटो अंथरला तर सडा दिसेल, देवीचा अंथरला तर देवी."

"आणि ती नथ?"

"साडी उभ्या बाजूनंही लोंबते. कॉम्प्युटर तसं करत नाही. तो चित्र सरळ वरून खाली पाडतो. वरून बघितलं तर कडा म्हणजे नुसती एक रेघ. त्या रेघेवर रंगाचा जो ठिपका पडेल तोच कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओढला जातो. म्हणून मोती ओघळले. नवशिका माणूस हमखास ही चूक करतो. तुझ्याकडे एखादा फोटो आहे?"

माझ्या बॅगेत एकच फोटो होता. काशीरामच्या चंद्री नावाच्या म्हशीचा. विम्यासाठी काढलेला, कानात पिवळा बिल्ला घातलेला. ऋजुतानं तो हातात घेतला आणि तिचे डोळे चमकले. "वा! ही तर मॉडेल आहे."

संध्याकाळच्या आत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करंजवण्याचा डोंगर उभा राहिला आणि त्यावर चंद्री प्रकटली. शिंगं सड्यावर, नाकपुड्या खाडीत. माझं हसू थांबेना. "डोळा कुठे पाडू मामा?" ऋजुतानं विचारलं. "म्हणशील तिथे पाडते."

मंगळवारी हॉल पुन्हा भरला. पुन्हा गोधड्या, पुन्हा घाम. यमुनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या. तुळसा गळ्यात हात बांधून सासऱ्याशेजारी होती. महाराजांनी पुन्हा देवी दाखवली, पुन्हा अनुग्रह झाला, आणि आता संकल्प सोडायचा एवढ्यात ऋजुता उभी राहिली.

"महाराज," ती अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "मी डॉक्टरांची भाची. परवा माझ्याही कॉम्प्युटरवर ह्याच डोंगरावर दर्शन झालं. सीडी आणली आहे."

मला वाटलं, हा माणूस आता सावध होईल. पण समोर भरलेला हॉल होता आणि फुकटात दुसरा चमत्कार चालून आला होता. महाराजांचा चेहरा उजळला. "बघा! बघा भक्तहो! फ्रिक्वेन्सी पसरते आहे! शिवा, लाव."

शिवानं सीडी लावली. धोतरावर समुद्र आला, खाडी आली, सडा आला. आणि मग अख्ख्या करंजवण्यावर पसरलेलं एक शांत, काळं, रवंथ करणारं तोंड आलं. कानात पिवळा बिल्ला.

मग काशीरामचा आवाज आला.

"आवशीचा घो! ही तर आमची चंद्री!"

एक पोर खिदळलं आणि त्याच्या पाठीत धपाटा बसला. महाराज क्षणभर गडबडले, पण मानलं पाहिजे, माणूस हुशार. दोन्ही हात वर करून ते गरजले, "महिषासुर! देवीचा वैरी प्रकटला! भक्तहो, हा इशारा आहे! संकल्पाला उशीर झाला म्हणून दैत्य जागा झाला!"

आणि काय सांगू, लोक बिचकले! मागच्या बायका मागे सरकल्या. गुरवानं घाबरून घंटा वाजवली. मी कपाळावर हात मारून घेतला. मात्र काशीराम ताडकन उठले.

"ओ महाराज, महिषासुर कुणाला म्हणता? माझी चंद्री दोन वेळा बादली भरून दूध देते. त्या दुधाचा चहा तुमीच पिताय रोज! आणि रेडा न् म्हैस यातला फरक तरी कळतो काय तुमाला?"

आता हशा पिकला. त्या गोंधळात ऋजुता सरळ लॅपटॉपपाशी गेली. ती महाराजांशी बोललीच नाही. शिवाला म्हणाली, "तुमचं काम चांगलं आहे हो. रंग छान मिसळलेत. पण कड्यावर चित्र ताणलं गेलंय, बघितलंत का? नथीचे मोती ओघळलेत. तिथलं चित्र झाकायला मास्क लावायला हवा होता."

शिवानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. कामात खोट काढली की कारागिराला टोचतं, तसं काहीतरी त्याच्या डोळ्यांत टोचलेलं दिसलं.

"माहीत आहे मला!" तो फाडकन म्हणाला. "लावणारच होतो! महाराजांनी वेळच दिला नाही. दोन दिवसांत देवी बसवून पाहिजे म्हणाले!"

महाराजांनी "शिवा!" म्हणून ओरडण्याआधीच ते शब्द हॉलभर पोचले होते. शिवानं जीभ चावली. पण आता काय उपयोग?

"बसवून?" काशीरामनं विचारलं. "म्हंजे देवी तू बसवलीस?"

शिवानं पुन्हा मान खाली घातली. ऋजुतानं विचारलं, "दाखवू?" त्यानं एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा तुळसाच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

तिनं देवीचं चित्र पुन्हा उघडलं. बाजूला एक लहानसा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. तिनं ती खूण काढली. धोतरावर चित्र नव्यानं, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उमटू लागलं. कपाळ गेलं. डोळे गेले. नथ गेली. उरला नुसता डोंगर.

"देवी गेली!" कुणीतरी किंचाळलं.

"कुठे गेली नाही," ऋजुता म्हणाली. "देवी देवळात आहे, होती तिथेच. हा तिच्या मुखवट्याचा फोटो होता. पालखीच्या वेळी काढलेला. तो डोंगरावर अंथरला होता, खाटेवर चादर अंथरतो तसा. डोंगर खरा, म्हणून तुम्हाला चादरही खरी वाटली."

महाराज उठले. "हे नास्तिक लोक! ह्यांनी यंत्रात विषाणू सोडला आहे! कॉस्मिक व्हायरस!"

"वायच गप बसा," असा आवाज आला. तो यमुनाबाईंचा होता. त्या हळूहळू उठून पुढे आल्या आणि धोतरासमोर उभ्या राहिल्या. डोंगराची कडा त्यांच्या लुगड्यावर पडली होती.

"बाय, ती परत येते काय?"

ऋजुतानं खूण केली. देवी आली.

"घालव."

गेली.

"डोळा दुसरीकडे जातो?"

"कुठे हवा आजी?"

बाईंनी थोडा विचार केला. "महाराजांच्या जिपेवर टाक."

जीप हायस्कूलच्या अंगणात उभी होती. ऋजुतानं चित्र सरकवलं आणि देवीचा उजवा डोळा हायस्कूलवर येऊन बसला. आता कुणीच हात जोडले नाहीत. यमुनाबाईंनी धोतरावरच्या त्या डोळ्याला बोट लावून बघितलं. मग त्यांनी वळून ऋजुताला विचारलं, आणि आवाज इतका बारीक होता की हॉलला कान द्यावा लागला.

"मग माज्या बावीत काय हाय?"

"पाणी आहे, आजी."

बाई मटकन खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. तुळसानं धडधाकट हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मी तोंड फिरवलं, कारण मलाही नीट दिसेना.

पुढचं काशीरामनं केलं. काही पोरं जिपेची हवा काढायला निघाली होती, त्यांना त्यांनी दरडावून परत बोलावलं. महाराजांना आगरात नेलं. "झाप तुमच्याच बोलण्यावरून घातले," ते म्हणाले. "आता तुमीच काढा." महाराजांनी कफनी खोचून एकेक झाप, एकेक वासा उचलला. मग दोर सोडून कळशी ओढली. सवय नव्हती, त्यामुळे निम्मं पाणी पायांवर सांडलं. पहिला तांब्या त्यांनी तुळसाला दिला, दुसरा त्यांना स्वतःला प्यावा लागला. पिताना ते दोनदा ठसकले. त्यानंतर जीप पालीच्या रस्त्याला लागली, ती परत आमच्या बाजूला दिसली नाही.

शिवा मात्र जिपेत बसला नाही. तो एसटीनं रत्नागिरीला गेला आणि पावसाळ्याच्या आधी ऋजुताच्याच ऑफिसात चिकटला. हल्ली तो मुंबईकरांच्या न बांधलेल्या बंगल्यांपुढे हिरवळ अंथरतो आणि उभ्या कड्यांवर न चुकता मास्क लावतो. "म्हणजे पुन्हा खोटंच की रे," मी एकदा त्याला चिडवलं. तो म्हणाला, "नाही डॉक्टर. आम्ही खाली 'कल्पनाचित्र' असं लिहितो."

ह्या एका शब्दात सगळं आलं. चित्र काढणं हे पाप नाही आणि कॉम्प्युटर खोटारडा नाही. कल्पनेला कल्पना न म्हणता जो तिला पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवतो, तो खोटारडा. आणि तो कधीही सगळंच खोटं सांगत नाही. डोंगर खरा ठेवतो, खाडी खरी ठेवतो, तुम्हाला तुमचा धक्का आणि तुमचा पऱ्या ओळखू देतो. ओळखीच्या आनंदात तुम्ही मान डोलावली की मग वर हळूच चादर टाकतो. तेव्हा कुणी कितीही मोठा चमत्कार दाखवला तरी तीन साध्या गोष्टी विचारा. हे कुणी केलं? कशापासून केलं? आणि दुसऱ्या कुणाला हेच करून दाखवता येईल का? विचारल्यानं कुठल्याही देवीचा अपमान होत नाही. विचारलं नाही तर मात्र कुणाचा तरी हात मोडतो.

मे महिन्यात ऋजुता पुन्हा गावात आली, ह्या वेळी स्वतःचं यंत्र घेऊन. काशीरामनंच बोलावलं होतं. हॉलमध्ये तिनं नुसता डोंगर दाखवला, वर काहीही न अंथरलेला. तो फिरवला, जवळ आणला, पावसाचं पाणी सड्यावरून कुठल्या कुठल्या वाटेनं पऱ्यात उतरत असेल ते दाखवलं. घंटा नाही, टाळ्या नाहीत. जन्मभर पायाखाली घातलेली जमीन सगळे जण पहिल्यांदाच चादरीशिवाय, एवढ्या उंचावरून निवांत बघत होते.

"थांब, थांब," काशीराम म्हणाले आणि पुढे जाऊन पऱ्या जिथे अरुंद झाला होता तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हितं बांध घातला तर?"